पहिली फुल ट्रायथलॉन: शर्यत कशी निवडावी?

फुल ट्रायथलॉन, म्हणजे एकाच दिवशी लांबलचक पोहणं, सायकल आणि धावणं, करायची असं मनाशी ठरलं की बहुतेकांचा पहिला आठवडा व्हिडिओ बघण्यात जातो. हवाईतल्या काळ्या लाव्हामधून जाणारा रस्ता, जर्मनीतल्या रोथजवळच्या चढावर सायकलस्वाराच्या कानात ओरडणारी गर्दी, नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये फेरीबोटीतून पहाटे मारलेली उडी. हे बघून अंगावर काटा येतो आणि त्याच भरात नावनोंदणी होते. फॉर्म दहा मिनिटांत भरून होतो. पण त्यात पुढच्या आठ-दहा महिन्यांचं बरंच काही ठरून जातं: सहा-सहा तासांच्या सायकल फेऱ्या कोणत्या ऋतूत येणार, कोणत्या पाण्यात पोहावं लागणार, शेवटी किती तास हातात उरणार.

म्हणून निवडीचा क्रम उलटा ठेवावा. आधी तारीख, मग कटऑफ (टप्पे संपवायची शेवटची मुदत), मग पाणी, मग रस्ता, आणि शर्यतीचं नाव सगळ्यात शेवटी. नावाचं आकर्षण खोटं नाही, त्यावर पुढे बोलूच. पण नावापासून सुरुवात केली की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपण सोयीस्करपणे वाकवायला लागतो.

आधी अंतर पक्कं करा

‘लाँग डिस्टन्स’ हा शब्द सैल वापरला जातो. फुल म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणं, एकूण सुमारे २२६ किमी. हाफ म्हणजे बरोबर त्याच्या निम्मं: १.९, ९० आणि २१.१. हाफला ‘७०.३’ म्हणतात तो मैलांचा आकडा आहे, किलोमीटरमध्ये ते ११३ होतात. काही शर्यतींमध्ये अंतर थोडं इकडेतिकडे असतं. अमेरिकेतल्या चॅटनूगाच्या फुलचा सायकल टप्पा ११२ ऐवजी ११६ मैलांचा म्हणून ओळखला जातो. चार मैल म्हणजे साडेसहा किलोमीटर, आणि दिवसाच्या आठव्या तासाला ते जाणवतात.

एकही हाफ न करता थेट फुलला उतरणारे लोक आहेत आणि त्यातले बरेच पूर्णही करतात. तरी माझं मत आधी एक हाफ करावी असंच आहे, आणि त्याचं कारण निवडीशी निगडित आहे. हाफमुळे तुमच्या हातात एक खरा आकडा येतो. ट्रायथलॉनच्या मंडळींमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: हाफच्या वेळेची दुप्पट करा आणि त्यात एक ते दीड तास मिळवा, ती तुमची फुलची अंदाजे वेळ. हाफ सव्वासात तासांत झाली असेल तर फुल साडेपंधरा ते सोळा तासांच्या घरात जाईल. हा एक आकडा माहीत असला की पंधरा तासांत बंद होणाऱ्या सगळ्या शर्यती यादीतून आपोआप गळतात. हा हिशेब साधारण सारख्या रस्त्यांनाच लागू पडतो. सपाट, गार हवेतल्या हाफवरून डोंगराळ, उकाड्याच्या फुलचा अंदाज बांधलात तर फसाल.

तारीख: बारा आठवडे मागे मोजा

शर्यतीची तारीख म्हणजे एक दिवस. तुम्हाला जगायचे आहेत ते त्याआधीचे बारा आठवडे. कॅलेंडर घ्या आणि शर्यतीच्या दिवसापासून मागे मोजत जा. शेवटचे दोन-तीन आठवडे टेपरचे, त्यात सराव कमी होत जातो. त्याआधीचे आठ-नऊ आठवडे सगळ्यात जड असतात: पाच-सहा तासांची सायकल, तीन-साडेतीन तासांपर्यंत जाणारी लांब धाव, तीन ते चार किलोमीटर सलग पोहणं. आठवड्याला एकूण बारा ते पंधरा तास सहज जातात, आणि त्यात कपडे धुणं, सायकल साफ करणं, दुपारी डोळा लागणं हे धरलेलं नाही.

आता या आठ-नऊ आठवड्यांबद्दल स्वतःला काही प्रश्न विचारा. तुम्ही राहता तिथे तेव्हा ऋतू कोणता असेल? धो धो पाऊस, बर्फ किंवा कडक उन्हाळा असेल तर सहा तासांची सायकल घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवता येईल अशा स्टँडवर) करावी लागेल. ते शक्य आहे, पण सलग आठ शनिवार भिंतीकडे बघत पेडल मारणं किती जणांना जमतं ते ज्याने त्याने ठरवावं. उजेड किती वाजता होतो, किती वाजता मावळतो? कामावर वर्षातला सगळ्यात धावपळीचा महिना कोणता? घरात कुणाची परीक्षा, लग्न, बाळंतपण याच काळात येतंय का? हे प्रश्न खेळाबाहेरचे वाटतात, पण सराव कोलमडतो तो बहुधा इथेच.

दुसरी बाजू शर्यतीच्या दिवशीच्या हवामानाची. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, तेही त्या उष्णतेत रोज काही वेळ व्यायाम केला तर. थंडीच्या महिन्यांत सराव करून दमट उष्ण बेटावर शर्यत करायची असेल तर तिथे दोन आठवडे आधी जाऊन राहणं, किंवा घरी मुद्दाम जाड कपडे घालून ट्रेनरवर घाम काढणं, हे दोनच मार्ग उरतात. नोव्हेंबरमधली मलेशियाच्या लंकावी बेटावरची फुल हे त्याचं ठळक उदाहरण. ज्याचा सराव उष्ण दमट हवेतच झाला आहे त्याला ती झेपते, इतरांची खरी परीक्षा तिथे मॅरेथॉनमध्ये होते. थोडक्यात, जड आठवडे आणि शर्यत एकाच प्रकारच्या हवेत येतील अशी तारीख मिळाली तर निम्मं काम झालं.

कॅलेंडरची ढोबळ कल्पना हवी असेल तर: मार्चमध्ये न्यूझीलंडचं टाउपो, मेमध्ये स्पेनचं लान्झारोटे बेट, जूनमध्ये ऑस्ट्रियातलं क्लागेनफुर्ट, जुलैच्या सुरुवातीला रोथ, ऑगस्टमध्ये कोपनहेगन आणि स्वीडनचं काल्मार, सप्टेंबरमध्ये वेल्समधलं टेन्बी, डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातलं बसल्टन. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, कधी एखादी शर्यत बंदही होते, तेव्हा अधिकृत पान बघितल्याशिवाय रजा टाकू नका.

कटऑफ: जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

सगळीकडे ‘१७ तास’ हा आकडा फिरत असतो. मूळ चौकट अशी: पोहणं २ तास २० मिनिटांत, सायकल शर्यतीच्या सुरुवातीपासून मोजून १० तास ३० मिनिटांत, आणि सगळं मिळून १७ तासांत. पण बऱ्याच शर्यतींना आता १६ तासच मिळतात, जर्मनीतल्या काही १५ तासांत संपतात. त्यामुळे प्रत्येक शर्यतीची स्पर्धक-पुस्तिका उघडून आकडे स्वतः लिहून काढा. ही पुस्तिका पीडीएफ स्वरूपात मिळते, यंदाची नसेल तर गेल्या वर्षीची शोधा.

आता त्या आकड्यांचा वेगात अर्थ लावू. २ तास २० मिनिटांत ३.८ किमी म्हणजे दर १०० मीटरला सुमारे ३ मिनिटं ४१ सेकंद. पूलमध्ये ३ मिनिटांनी पोहत असाल तर कागदावर भरपूर फरक दिसतो. पण मोकळ्या पाण्यात रेषेत पोहता न आल्यामुळे अंतर वाढतं, गर्दीत थांबावं लागतं, लाटांनी वेग पडतो. पूलच्या वेळेत निदान दहा टक्के वाढवून मग बघा.

सायकलचं गणित जास्त फसवं आहे, कारण साडेदहा तासांत पोहणं आणि कपडे बदलणंही मोजलेलं असतं. पोहून, ट्रान्झिशन (दोन टप्प्यांमधली कपडे-बूट बदलायची जागा) उरकून तुम्ही २ तासांनी सायकलवर बसलात तर साडेआठ तास उरतात, म्हणजे ताशी सरासरी २१ किमी पुरते. पण पाण्यातच सव्वादोन तास गेले आणि पंधरा मिनिटं तंबूत गेली, तर हातात आठ तास राहतात आणि सरासरी साडेबावीस लागते. लघवीला, बाटली घ्यायला, पंक्चर काढायला थांबण्याचा वेळही याच सरासरीत धरलेला आहे. शिवाय सायकल मार्गावर मधले कटऑफ असतात: अमुक किलोमीटरला अमुक वाजेपर्यंत पोहोचला नाहीत तर तिथेच थांबवतात. पुस्तिकेत ते बारीक अक्षरात असतात आणि दमलेल्या माणसाला सगळ्यात आधी तेच गाठतात.

धावताना मात्र १७ तासांची शर्यत दयाळू आहे. साडेदहाव्या तासाला सायकल ठेवून दहा मिनिटांत निघालात तर ६ तास २० मिनिटं उरतात, म्हणजे दर किलोमीटरला नऊ मिनिटं. भरभर चालत आणि मधूनमधून हळू धावत हे जमतं. १५ तासांच्या शर्यतीत साडेनऊ तासांनी सायकलवरून उतरलात तर तेवढ्याच दहा मिनिटांनंतर ५ तास २० मिनिटं राहतात. दर किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या आसपास जावं लागतं, म्हणजे चालायची मुभा जवळजवळ संपते. कमरेला किंवा गुडघ्याला काही झालं तरी चालत संपवता येईल एवढी ऐसपैस मुदत पहिल्या शर्यतीत हवीच, असं मी म्हणेन.

आणखी एक बारकावा. रोलिंग स्टार्टमध्ये लोक रांगेने काही सेकंदांच्या अंतराने पाण्यात जातात. कटऑफ तुमच्या स्वतःच्या सुरुवातीपासून मोजतात, पहिल्या स्पर्धकापासून की शेवटच्या, हे शर्यतीप्रमाणे बदलतं. ते घड्याळाच्या वेळेत दिलं असेल तर रांगेत मागे उभं राहणं तुम्हाला वीस-पंचवीस मिनिटांना पडू शकतं.

पाणी

नवशिक्यांच्या मनात सगळ्यात मोठी भीती पोहण्याची असते, आणि निवडीने सगळ्यात जास्त फरक पडतो तोही इथेच. तीन गोष्टी बघायच्या: पाणी उघडं आहे की आडोशाचं, किती अंश आहे, आणि वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) चालतो का.

वेटसूट केवळ ऊब देत नाही, तो तुम्हाला पाण्यावर उचलून धरतो. ज्यांचे पाय बुडतात त्यांना त्याचा सर्वाधिक फायदा होतो. आयर्नमॅन या शर्यतींच्या साखळीच्या नियमानुसार पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर हौशी स्पर्धकांना वेटसूट चालतो. त्याच्या वर, २८.८ अंशांपर्यंत, सहसा वेटसूट घालून उतरता येतं, पण वयोगटातलं बक्षीस किंवा जागतिक स्पर्धेची पात्रता मिळत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला त्याचं काय? काही नाही, पण तुमच्या शर्यतीत ही सवलत आहे ना ते तपासा. २८.८ च्या वर वेटसूट सरळ बंद. कमकुवत पोहणाऱ्याने म्हणूनच गेल्या चार-पाच वर्षांतलं शर्यतीच्या दिवसाचं पाण्याचं तापमान शोधावं. ही सवलत नसेल, तर २३ ते २५ च्या मध्ये हेलकावे खाणारी शर्यत म्हणजे वेटसूट मिळेल की नाही याचा निर्णय पहाटे कळणार.

आडोशाचं पाणी म्हणजे तलाव, कालवा, बंदिस्त खाडी. कोपनहेगनचं पोहणं समुद्रकिनाऱ्यालगतच्या बंदिस्त लगूनमध्ये होतं, रोथचं कालव्यात, जिथे दोन्ही काठ सतत दिसत राहतात. क्लागेनफुर्टमध्ये तलावातून शेवटचा टप्पा अरुंद कालव्यात शिरतो आणि लोक काठावरून तुमच्या बरोबरीने चालत असतात. टाउपोला गोड्या पाण्याचा स्वच्छ तलाव आहे. बसल्टनला समुद्र आहे, पण १.८ किमी लांब लाकडी धक्क्याला वळसा घालून यायचं असल्यामुळे दिशा चुकायला वाव कमी. याउलट टेन्बीचा समुद्र थंड आणि लाटांचा, आणि बाहेर आल्यावर किनाऱ्यावरून चढून गावातून जवळजवळ एक किलोमीटर धावत ट्रान्झिशन गाठावं लागतं. लोक तेवढ्यासाठी वेगळे बूट वाटेत टांगून ठेवतात.

उघड्या पाण्याचा भरवसा कमीच. २०१७ मध्ये बसल्टनला शार्क दिसल्यामुळे पोहणं रद्द झालं. २०१८ मध्ये हॅम्बुर्गला पाण्यात निळं-हिरवं शेवाळ वाढल्यामुळे पोहण्याऐवजी सहा किलोमीटर धावणं ठेवलं गेलं. असं कुठेही होऊ शकतं. पण एखाद्या ठिकाणी पाच वर्षांत दोनदा पोहणं रद्द किंवा कमी झालं असेल, आणि तुम्हाला पूर्ण २२६ किमी केल्याचं समाधान हवं असेल, तर तो इतिहास आधी वाचलेला बरा.

सायकल: ‘सपाट’ या शब्दाला भुलू नका

एकूण चढाईचे मीटर हा पहिला आकडा. माझी स्वतःची ढोबळ वाटणी अशी: १८० किमीत हजार मीटरपर्यंत चढाई म्हणजे सपाट, हजार ते सोळाशे म्हणजे चढउताराची, दोन हजारांच्या पुढे डोंगराळ. लान्झारोटेत सुमारे अडीच हजार मीटर चढाई आहे आणि वर सतत वारा. फ्रान्सच्या आल्प्समधल्या एम्ब्रुनमध्ये तर २,३६० मीटर उंचीवरचा इझोआर घाट ओलांडावा लागतो. हे पहिल्या प्रयत्नासाठी नाही, असं मी बिनदिक्कत सांगतो, अगदी घाटाशेजारी राहत असलात तरी.

पण सपाट म्हणजे सोपं, हेही खरं नाही. सपाट रस्त्यावर पेडल थांबवायला उतार मिळत नाही. पाच-सहा-सात तास तीच बैठक, तोच मानेचा कोन, तेच स्नायू. ज्याचा सराव चढउताराच्या रस्त्यांवर झाला आहे त्याची कंबर अशा रस्त्यावर १२० किमीनंतर बोलायला लागते. शिवाय सपाट प्रदेश बहुधा समुद्राकाठी असतात आणि तिथे वारा अडवायला काही नसतं. नेदरलँड्समधलं आल्मेर समुद्र मागे हटवून मिळवलेल्या जमिनीवर, म्हणजे पोल्डरवर आहे. चढ नावाला नाही, पण वाऱ्याचा रोख बदलला की सरासरी चार-पाच किलोमीटरने पडते. काल्मारमध्ये ओलांद बेटाकडे नेणारा सहा किलोमीटर लांबीचा पूल ओलांडायचा असतो, आडवा वारा तिथे काय करतो याचा अंदाज खोल रिमची चाकं लावणाऱ्यांनी आधीच बांधावा.

तेव्हा नियम साधा: जशा रस्त्यावर तुमचा सराव, तशा रस्त्याची शर्यत. सपाट शहरात राहणाऱ्याने डोंगरात जाऊ नये आणि घाटात वाढलेल्याने केवळ वेळेच्या मोहापायी पोल्डरच्या वाऱ्यात जाऊ नये.

मार्गाची जीपीएक्स फाइल (रस्त्याचा डिजिटल नकाशा) उतरवून घ्या आणि चढ नेमके कुठे आहेत ते बघा. शेवटच्या चाळीस किलोमीटरमध्ये असलेले पाचशे मीटर हे सुरुवातीच्या पाचशे मीटरच्या दुप्पट वाटतात. उतार वळणावळणाचे आहेत का, ओल्या रस्त्यावर ते कसे असतील, हे ज्यांना उतारावर ब्रेक आवळायची सवय आहे त्यांनी जरूर तपासावं. रस्त्याचा पोतही महत्त्वाचा. न्यूझीलंडमध्ये जाड खडीचे खडबडीत रस्ते सर्रास आहेत. त्यावर वेग जातो आणि हात बधिर होतात, जरा रुंद टायर आणि कमी हवा लागते.

फेऱ्या किती, हाही प्रश्न आहेच. दोन-तीन फेऱ्यांचा मार्ग कंटाळवाणा वाटतो, पण पहिल्या फेरीत रस्ता कळतो, घरची माणसं दोन-तीनदा दिसतात, आणि मदत फार दूर नसते. तोटा गर्दीचा. ड्राफ्टिंगचा, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाने वारा चुकवण्याविरुद्धचा, नियम १२ मीटरचा आहे, आणि पुढच्याला ओलांडायला २५ सेकंद मिळतात. खच्चून भरलेल्या सपाट मार्गावर हे अंतर राखणं स्वतःच एक काम होऊन बसतं.

धावणं

इथे चढाईपेक्षा ऊन जास्त बघा. तुम्ही धावायला लागणार ते दुपारी, आणि बहुतेक हौशी मंडळी संपवणार रात्री. सावली आहे का, एड स्टेशन (खाण्यापिण्याचे थांबे) किती अंतरावर आहेत, रात्री उजेड आहे का, एवढं बघितलं तरी पुरे. शहराच्या मधून तीन-चार फेऱ्या मारायला लावणाऱ्या शर्यती पहिल्या प्रयत्नाला चांगल्या. कोपनहेगन आणि काल्मार त्यातल्याच. तिसाव्या किलोमीटरला आजूबाजूला माणसं असणं आणि निर्जन हायवेवर एकटं असणं यात फार फरक पडतो.

निकालपत्र वाचा

ही युक्ती कमी लोक वापरतात. शर्यतीचं संकेतस्थळ तुम्हाला फोटो दाखवतं, निकालपत्र खरं काय ते सांगतं. गेल्या तीन वर्षांचे निकाल उघडा आणि तुमच्या वयोगटात जा. मधल्या स्पर्धकाची वेळ बघा, सगळ्यात शेवटचे वीस बघा. शेवटच्या दोन तासांत किती लोक पोहोचले? फार कमी असतील तर तिथे येणारी मंडळीच वेगवान आहेत आणि रात्री तुम्ही बऱ्यापैकी एकटे असाल. डीएनएफ, म्हणजे शर्यत अर्धवट सोडलेले, कितीजण आणि कोणत्या टप्प्यावर? पोहण्यात बरेच अडकले असतील तर पाण्याकडे बघा, धावताना अडकले असतील तर उष्णतेकडे. एखाद्या वर्षी आकडे अचानक बिघडलेले दिसले तर त्या दिवशीचं हवामान शोधा. तसा दिवस तुमच्याही वाट्याला येऊ शकतो.

जमलं तर ती शर्यत केलेल्या दोघा-तिघांशी बोला. ‘कशी होती?’ असं विचारलंत तर ‘भारी!’ एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा: पोहताना सूर्य डोळ्यांवर येतो का, शेवटच्या फेरीत एड स्टेशनवर काही उरलं होतं का, हॉटेल ते सुरुवात पहाटे कसे गेलात, सायकल ठेवायची जागा आणि धावायला निघायची जागा एकच होती का.

दोन उदाहरणं

एक माणूस धरा. चार-पाच मॅरेथॉन केलेल्या, सायकल वर्षभरापूर्वी घेतली, पूलमध्ये १०० मीटरला पावणेतीन मिनिटं लागतात. ३.८ किमीला पूलच्या वेगाने पावणेदोन तास, मोकळ्या पाण्यात जवळपास दोन. कटऑफच्या आत आहे, पण ऐसपैस नाही. याला हवंय काय? वेटसूट नक्की मिळेल असं गार, आडोशाचं पाणी, फार चढ नसलेला रस्ता, आणि सायकलला पुरेसा वेळ. मॅरेथॉनची त्याला धास्ती नाही. मग लंकावी, टेन्बी, लान्झारोटे गळाले. कोपनहेगन, काल्मार, टाउपो उरले. जून-जुलैत लांब सायकल करता येत असेल तर पहिल्या दोनपैकी एक, आणि वाऱ्याची सवय नसेल तर कोपनहेगन. जून-जुलैत पाऊस कोसळत असेल पण डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी मोकळे असतील, तर टाउपो.

दुसरी एक बाई. लहानपणापासून पोहणारी, हलक्या बांध्याची, घाटात सायकल चालवणारी, पण धावताना गुडघा कुरकुरतो आणि उकाडा सोसत नाही. पाण्याची चिंता नाही, त्यामुळे समुद्रही चालेल. हिला पूर्ण सपाट मार्गापेक्षा क्लागेनफुर्टसारखा चढउताराचा मार्ग मानवेल, कारण तिथे बैठक बदलत राहते आणि तिची ताकदही कामी येते. मात्र तिने मुदत बघूनच नोंदणी करावी: गुडघ्याने साथ सोडली तर शेवटचे पंधरा किलोमीटर चालता आले पाहिजेत.

प्रवास आणि नाव

विमानाने जाणार असाल तर सायकल बॉक्समध्ये भरणं आणि परत जोडणं घरी दोनदा करून बघा. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वाकणं हा या प्रवासातला नेहमीचा अपघात. वेळेचा फरक जास्त असेल तर शरीराला ढोबळमानाने तासाला एक दिवस लागतो. पाच तासांचा फरक म्हणजे पाच दिवस आधी पोहोचायचं, तेवढी रजा आहे का बघा. पहिल्या फुलसाठी गाडीने किंवा रेल्वेने जाता येईल अशी शर्यत मिळत असेल तर बाकी दोन गोष्टींवर तडजोड करूनही ती घ्यावी. ओळखीचं खाणं, ओळखीची झोप आणि शेजारी आपली माणसं, यांनी जो फरक पडतो तो महागड्या चाकांनी पडत नाही.

नावाबद्दल. ‘आयर्नमॅन’ हे एका कंपनीचं नोंदणीकृत नाव आहे. १९७८ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर पंधरा जणांनी सुरुवात केली, बारा जणांनी पूर्ण केली, तिथून हे सुरू झालं. ‘चॅलेंज’ ही दुसरी मोठी साखळी, आणि त्याशिवाय अनेक स्वतंत्र शर्यती आहेत. अंतर तेच, घाम तोच. पण शेवटच्या लाल गालिच्यावर तुमचं नाव घेऊन ‘यू आर ॲन आयर्नमॅन’ हे शब्द ऐकायचे असतील, त्यासाठीच हे सगळं करायचं असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्याच नावाची शर्यत निवडा. स्वतंत्र शर्यतीत माणसं कमी, गर्दी कमी, वातावरण घरगुती. मात्र एड स्टेशनवर काय मिळतं आणि रस्ता वाहतुकीला पूर्ण बंद असतो की अर्धवट, हे तिथे बारकाईने विचारावं लागतं. उघड्या वाहतुकीत १८० किमी पहिल्यांदा करू नये. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत मुख्यतः पात्रता मिळवूनच जाता येतं. नॉर्वेतल्या नॉर्समन शर्यतीला लॉटरी लागावी लागते, आणि तिथे डोंगरमाथ्यावर काळा टी-शर्ट पहिल्या १६० जणांनाच मिळतो. दोन्ही पुढच्या वर्षांसाठी ठेवा.

नोंदणीच्या आधी आणि लगेच नंतर

यादी दोन शर्यतींवर आली की एक आठवडा थांबा आणि घरच्यांशी तारखेवर बोला. मग नोंदणी कधी उघडते ते बघा. रोथसारख्या शर्यतीच्या जागा मिनिटाच्या हिशेबात संपतात, काहींच्या शेवटच्या महिन्यापर्यंत मिळतात. आजारी पडलात तर जागा पुढच्या वर्षी ढकलता येते का, पैसे किती परत मिळतात, नाव बदलता येतं का, हे नियम पैसे भरण्याआधी वाचा, नंतर वाचून उपयोग नाही. इटलीसारख्या काही देशांत डॉक्टरांचं प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यातच लागतं. ते कुठे मिळेल ते आधीच विचारून ठेवा.

नोंदणी झाली की त्याच दिवशी तीन कामं उरका. रद्द करता येईल असं हॉटेल, ट्रान्झिशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कारण शर्यतीच्या गावातल्या खोल्या जागांपेक्षाही लवकर भरतात. रजेचा अर्ज. आणि शर्यतीच्या आठ ते दहा आठवडे आधी, शक्यतो तशाच पाण्यात आणि तशाच रस्त्यावर, एक हाफ. तिथे खाण्याचं गणित, वेटसूट आणि सायकलची बैठक तपासून होते, आणि काही बदलायचं असेल तर त्याला अजून दोन महिने हातात असतात.